उद्यावर टाकू नकोस

अनेक आशीर्वाद.

परवा जेवायला आलास तेव्हा पानावर बसण्याआधीच तू तांब्याभर पाणी प्यालास आणि जेवताना दोनदा बाथरूमला उठलास. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक तुझ्या काकूंच्याही नजरेतून सुटलं नाही. "मेसचं जेवण, दुसरं काय," म्हणून तू हसलास. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

मी स्वतः दीड वर्ष असंच अंगावर काढलं. वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नजर धूसर होते, हे मला कुणी सांगितलं नाही. पायाची जखम महिनाभर चिघळली तेव्हा कुठे रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर २३८, म्हणजे मधुमेह.

माझं दुखणं पन्नाशीतलं, सावकाश वाढणारं. तुझ्या वयात एवढी तहान, रात्री चार-चारदा उठणं आणि पोटभर जेवूनही उतरणारं वजन ही टाइप १ मधुमेहाची लक्षणं असू शकतात. त्यात साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन शरीरात बनणंच बंद पडत जातं. रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून निघणारे कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ रक्तात साचतात. हे काही दिवसांतच जिवावर बेतू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातलं काहीही जाणवलं तर लॅब शोधत बसू नकोस. मित्राला घे आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठ.

तसं काही नसलं तरी आजच जा. "उद्या उपाशीपोटी करू" म्हणून थांबायची गरज नाही. अशी लक्षणं असताना कधीही तपासलेली साखर २०० किंवा वर आली, तर तेवढ्यावर निदान होतं. उपाशीपोटी १२६ पासून पुढे मधुमेह धरतात, एचबीए१सी ६.५ टक्क्यांपासून. पण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते; दुखणं नुकतंच सुरू झालेलं असेल तर ती फसवू शकते. बोटाला टोचून मशीनवर पाहिलंस तरी शिरेतलं रक्त दे, लघवीतले कीटोनही बघायला सांग. आणि आकडा चांगला यावा म्हणून चार दिवस गोड सोडून मग जाशील, तर तसं करू नकोस बाबा.

घरात कुणाला नाही, अंगाने बारीक आहे, या गोष्टींवर विसंबू नकोस. टाइप १ झालेल्या बऱ्याच जणांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

रिपोर्ट हातात आला की लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. डॉक्टरांकडे मी बरोबर येतो.

तुझा,
काका