8000 राहू द्या, आधी रॉड बोल्ट बघा

प्रश्न: नमस्कार सर, माझ्याकडे 1.3 एस्टीम आहे, ऑटोक्रॉससाठी (घड्याळ लावून होणारी गाड्यांची शर्यत) इंजिन नुकतंच नव्याने बांधून घेतलंय. 0.5 मिमी ओव्हरसाइज (मूळपेक्षा मोठे) पिस्टन, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), जरा तिखट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) लेथवर हलकं केलंय. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असा आहे की रेव्ह लिमिट, म्हणजे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे (आरपीएम) फिरू द्यायचं ते, आपणच टाकायचं. मिस्त्री म्हणतात बिनधास्त 8000 टाका, मामेभाऊ म्हणतो 6500 च्या वर गेलास तर रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक फोडून बाहेर येईल. कुणाचं ऐकू? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: मामेभावाचं. म्हणजे अगदी 6500 च असं नाही, पण तो रॉडला घाबरतोय आणि नेमकं तिथंच घाबरायला पाहिजे.

तुमच्या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टन वरून खाली जातो ते अंतर) 75.5. आता 7000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला 17.6 मीटर, 8000 ला 20.1. हा आकडा ऐकून मिस्त्री म्हणतील बघा, होंडा एस2000 तर 84 मिमी स्ट्रोकवर 9000 फिरते, तिथं 25 च्या वर जातो. बरोबर आहे, पण ते इंजिन कारखान्यातूनच तेवढ्यासाठी बनून आलंय, तुमचे रॉड साध्या फॅमिली गाडीचे आहेत. फॉर्म्युला वनचे 2.4 लिटरचे व्ही8 18,000 फिरायचे तरी त्यांचा पिस्टन वेग 24 च्या आसपासच होता, कारण स्ट्रोक जेमतेम 40 मिमी. म्हणून दुसऱ्या गाडीचा आरपीएम बघून आपला ठरवायचा नसतो.

खरा मार बसतो तो पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खाली ओढला जातो तेव्हा. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून 400 ग्रॅम धरा (तुमचं स्वतः वजन करून बघा). 7000 ला ही 400 ग्रॅमची वस्तू रॉडला हजार-अकराशे किलोनं वर खेचते, 8000 ला चौदाशे किलोनं. आरपीएम वाढले 14 टक्के आणि ओढ वाढली 30 टक्के, कारण ती वर्गाने वाढते. हा सगळा भार येतो रॉडच्या दोन बोल्टांवर, तोही एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, जेव्हा वरून दाबून धरायला कॉम्प्रेशनसुद्धा नसतं. थ्रॉटल सोडून इंजिन वर फिरत राहिलं तर अजूनच वाईट.

आता तुमच्या पत्रात सगळं आहे, ओव्हरसाइज, फेसिंग, कॅम, पण रॉड बोल्टांबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे बहुतेक जुनेच परत कसलेत. माझंही एक इंजिन याच कारणानं गेलं, बांधणाऱ्यानं जुने बोल्ट टाकले होते आणि मी विचारलं नव्हतं, ब्लॉकला मुठीएवढं भोक पडलं. तर संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवा, एकेक बोल्ट काढा आणि नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा. मध्येच कुठं जड गेला तर तिथं बोल्ट ताणलाय, आटे लांबलेत. मग नव्या बोल्टाशेजारी धरून लांबी बघा, पण खरं सांगू का, बघत बसण्यापेक्षा आठही नवीन टाका, इंजिनाच्या मानाने किंमत काहीच नाही.

दुसरं ते फ्लायव्हील. ओतीव लोखंडाचं असेल आणि लेथवर कडेनं घासलं असेल तर त्याची मला बोल्टांपेक्षा जास्त भीती वाटते. जास्त आरपीएमला असं फ्लायव्हील फुटतं, तुकडे बेल हाउसिंग (त्यावरचं कवच) फाडून येतात आणि तुमचे पाय तिथून फार लांब नसतात. त्याच्या जोरावर 8000 तर अजिबात नको, स्टीलचं बनवून घ्या.

हेड फेसिंग केलंय आणि कॅमही बदललाय, तेव्हा व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा मोजली का? पिस्टनवर खेळण्यातली माती थापून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं, मग हेड उघडून माती कापून जाडी बघायची. स्प्रिंगा जुन्याच असतील तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगायला लागतात, वेळेवर बसत नाहीत, इंजिन फडफडतं आणि लोक समजतात प्लग गेला. ऑइल प्रेशरचं काटेवालं मीटर लावा, जुना ठोकताळा दर हजार आरपीएमला 10 पीएसआय, आणि वळणावर काटा पडत असेल तर आधी संपमध्ये बॅफल (तेल एका बाजूला पळू नये म्हणून लावायच्या पट्ट्या), मग लिमिटचं बघू.

एवढं सगळं करून 8000 ला मिळणार काय? हे इंजिन कंपनीच्या कॅमवर 6000 ला पूर्ण ताकद देतं. तुमच्या कॅमनं तो आकडा थोडा वर सरकला असेल, किती ते डायनोवरच (ताकद मोजायच्या यंत्रावर) कळेल. ताकद उतरायला लागल्यावर आणखी चार-पाचशे आरपीएम, त्यापुढे नुसता आवाज.

म्हणून नवे बोल्ट, स्टीलचं फ्लायव्हील आणि चांगल्या स्प्रिंगा असतील तर लिमिट 7000, शिफ्ट लाइट (गिअर बदला सांगणारा दिवा) 6700 ला. जुनेच बोल्ट असतील तर 6500, तेही बदलेपर्यंतच. आणि लिमिटर फक्त पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो हे विसरू नका. तिसऱ्यात 6500 ला असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला साडेनऊ हजारावर ओढत नेतील, तिथं ईसीयू बिचारा काय करणार.

प्रश्न: मी एस्टीममध्ये बलेनोचं 1.6 इंजिन टाकलंय. 1.3 वाले मित्र 7000 वर शिफ्ट करतात, मी करू का? — एक वाचक, सातारा

उत्तर: नको. तुमचा स्ट्रोक 90 मिमी आहे. त्यांच्या रॉडला 7000 ला जो ताण येतो तो तुमच्या रॉडला 6400 लाच येतो, आणि तोही पिस्टनचं वजन सारखं धरून. 6300 ला लिमिट टाका. तुमच्याकडे खालचा टॉर्क (कमी आरपीएमची ओढ) त्यांच्यापेक्षा जास्त आहे, लवकर गिअर टाकलात तरी तुम्ही मागे पडणार नाही.