मंगळवारची आरती आणि संमतीचा छापील कागद

प्रश्न : वकीलसाहेब, मी सातारा जिल्ह्यात आशा सेविका आहे. मिस्टर ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. मुलगी गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीत शिकते. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले आणि दर मंगळवारी परिपाठात अथर्वशीर्ष आणि आरती सुरू झाली. आम्ही बौद्ध आहोत. मुलगी रोजचं पसायदान म्हणते, पण मंगळवारी रांगेत गप्प उभी राहते, हात जोडत नाही. पहिल्या मंगळवारी सरांनी हटकलं. पुढच्या दोन मंगळवारी तिला ऑफिसबाहेर दोन-दोन तास उभं केलं आणि अथर्वशीर्ष दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. तिनं लिहिलं नाही. आता एक छापील कागद आलाय, 'पाल्याच्या शाळेतील सर्व उपक्रमांतील सहभागास माझी संमती आहे.' सही करा, नाहीतर दाखला घेऊन जा, असा शिपायाकरवी निरोप आहे. याच शाळेत दोन मुस्लिम मुलींना गेटवर डोक्यावरचा रुमाल काढायला लावतात. त्यांचे वडील म्हणतात, आपण मिळून अर्ज देऊ, की शाळेत कुणाच्याच धर्माचं काहीच नको. आमच्यातली पोरं म्हणतात, अ‍ॅट्रॉसिटी टाका. मला याच गावात दारोदार फिरून काम करायचंय. काय करू?

उत्तर : ताई, आधी तो कागद. त्यावर सही करू नका. शिपाई दारात उभा राहिला तरी नाही, 'नुसती फॉर्मॅलिटी आहे हो' असं कुणी म्हणालं तरी नाही. ज्यानं तो मसुदा केला त्यानं एक तर संविधानाचं कलम २८ नीट वाचलंय किंवा अजिबात वाचलेलं नाही. कारण तुमचं सगळं प्रकरण संमती या एका शब्दावर उभं आहे, आणि तो शब्द शाळा तुमच्याकडून फुकटात लिहून घेऊ पाहतेय.

कलम २८ शाळाशाळांत फरक करतं. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही. शाळेचा कारभार सरकारकडे आहे, पण ती स्थापन झाली एखाद्या देणगीतून किंवा ट्रस्टमधून आणि त्या ट्रस्टचीच धार्मिक शिक्षणाची अट आहे, तर तिला सूट आहे. तुमच्या कामाचा आहे तिसरा भाग. शाळा सरकारमान्य असो की अनुदानित, तिथल्या धार्मिक शिक्षणात भाग घ्यायची किंवा तिथे होणाऱ्या उपासनेला हजर राहायची सक्ती कुणावरही करता येत नाही, त्या व्यक्तीची संमती असल्याशिवाय. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. 'हजर राहणं' हा शब्द पुन्हा वाचा. हात जोडणं ही फार पुढची गोष्ट झाली. तुमच्या मुलीनं मंगळवारी त्या रांगेत उभं राहणंसुद्धा सक्तीचं नाही. ती उभी राहते, हा तिचा समजूतदारपणा.

अनुदानित खासगी शाळा 'पूर्णपणे सरकारी पैशावर चालणारी' ठरते का, यावर वकील मंडळी दोन दिवस भांडू शकतील. तुम्ही त्या भांडणात पडू नका. शाळेनं आरती बंद करावी, ही वेगळी लढाई आहे, लांबची आणि महागडी. माझ्या मुलीला त्यातून मोकळं ठेवा, ही मागणी आजची आहे आणि तिच्यात तुमची बाजू पक्की आहे.

शाळा काय म्हणेल तेही सांगून ठेवतो, कारण हे उत्तर मी बऱ्याच शिक्षकांच्या तोंडून ऐकलंय. हा धर्म नाही, संस्कार आहेत. संस्कृतनं वाणी शुद्ध होते. मूल्यशिक्षणाचा तास आहे. या म्हणण्यात खऱ्याचा एक कण आहे. धर्माविषयी शिकवणं आणि धर्म करायला लावणं यात न्यायालयांनी फरक केलेला आहे. गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेजच्या प्रकरणात म्हटलं. २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातला धर्मांविषयीचा भाग त्याच तर्कावर टिकला. त्यामुळे मराठीच्या पुस्तकात तुकोबांचा अभंग असेल तर मुलीनं तो वाचावा, त्यावरच्या प्रश्नाचं उत्तर लिहावं, चांगले मार्क मिळवावेत. पण मूर्तीपुढे निरांजन ओवाळून आरती म्हणणं हा कुठल्या विषयाचा अभ्यास? ती उपासना आहे. मी स्वतः घरी दीड दिवसाचा गणपती बसवतो. आरतीला 'पाठांतराचा उपक्रम' म्हटलेलं भक्तालाही आवडणार नाही.

रोजच्या प्रार्थनेचं मात्र एवढं सरळ नाही. पसायदान, 'असतो मा सद्गमय' यांना धार्मिक म्हणायचं की नाही? केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेविरुद्धची याचिका २०१९ च्या जानेवारीत दोन न्यायमूर्तींनी मोठ्या पीठाकडे सोपवली. खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावर 'यतो धर्मस्ततो जयः' ही महाभारतातली ओळ आहे, तेव्हा हा प्रश्न सोडवणाऱ्यांनाही तो सोपा जाणार नाही. तुमच्या अर्जात पसायदानाचा उल्लेख नको. मुलगी ते म्हणते, असं तुम्हीच पत्रात लिहिलंय. मंगळवारवर बोट ठेवा आणि तिथेच ठेवा.

आता हात न जोडण्याबद्दल. आपल्याच राज्यातला निकाल आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतल्या शिक्षकानं प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला. शाळेनं त्याला बेशिस्त ठरवून वरची वेतनश्रेणी अडवली. मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं, की हात जोडायची सक्ती हा त्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. तो शाळेचा पगारी नोकर होता, शाळेची शिस्त त्याला लागू होती, तरी हे झालं. तुमची मुलगी तर विद्यार्थिनी आहे.

त्याही आधीचा निकाल केरळचा. १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीत सुरू झालं की आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण देवाशिवाय कुणाचीही स्तुती गायची नाही, अशी त्यांची श्रद्धा. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तपासलं ते एवढंच, की श्रद्धा प्रामाणिक आहे का आणि वागणं आदराचं आहे का. ती श्रद्धा आपल्याला पटते का, हा प्रश्नच त्यांनी गैरलागू ठरवला.

श्रद्धा प्रामाणिक असल्याचा पुरावा तुमच्याकडे घरातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली तिसरी काढा. गौरी-गणपती इत्यादींना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. अथर्वशीर्ष तर गणपतीचंच. मुलीचं वागणं हा हट्ट नाही, हे मुख्याध्यापकांना कळण्यासाठी अर्जात हे एक वाक्य पुरे. त्यावर भाष्य नको, टोमणा नको. आणि राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका या वेळी मुलगी नेहमीप्रमाणे सगळ्यांबरोबर असू दे. शिस्तीचा मुद्दा शाळेच्या हातात द्यायचा नाही.

रुमालाचं प्रकरण. त्या वडिलांशी जोडीनं अर्ज देऊ नका, असं मी सांगतोय, आणि ते त्यांच्याशी अंतर ठेवा म्हणून नाही. तुमचा प्रश्न असा, की शाळा मुलीला काही करायला लावतेय. त्यांचा असा, की शाळा मुलीला तिचं काही करू देत नाही. 'कुणाच्याच धर्माचं काहीच नको' हा अर्ज मंजूर झाला तर तुमचा मंगळवार सुटेल आणि त्यांच्या मुलींचा रुमाल कायमचा जाईल. त्यांना हे कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी मांडलेली अडचण सरकारी तिजोरीची आणि धर्मांच्या संख्येची होती. सगळ्यांच्या कराच्या पैशातून कुणाचं धर्मशिक्षण द्यायचं? मुलांनी आपली ओळख गेटवर काढून ठेवावी, असं कलम २८ म्हणत नाही. कलम २५ चं पहिलं स्पष्टीकरण तर कृपाण बाळगणं हा शीख धर्माचरणाचाच भाग मानतं.

तरीही त्या वडिलांची वाट तुमच्यापेक्षा अवघड आहे, हे त्यांना सांगा. मुंबई उच्च न्यायालयानं पूर्वी मुंबईतल्या एका शाळेच्या प्रकरणात डोक्यावरच्या रुमालाची परवानगी नाकारली होती. कर्नाटकात २०२२ च्या मार्चमध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात एक न्यायमूर्ती बंदीच्या बाजूचे आणि एक विरुद्ध, त्यामुळे प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चेंबूरच्या एका कॉलेजच्या हिजाब-टोपीबंदीला सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम स्थगिती दिली आणि टिळा, टिकलीवरही बंदी घालणार का, असं कॉलेजलाच विचारलं. पण ते कॉलेज होतं, आणि स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. माझं मत विचाराल तर शाळेच्या गणवेशाच्याच रंगाचा रुमाल कुणाचं काही बिघडवत नाही. मत आणि कायदा यांत मात्र आज अंतर आहे. त्यांनी वेगळा अर्ज द्यावा, तोही गणवेशाच्या रंगात परवानगी मागणारा. तुम्ही त्यांच्या मुलींच्या सोबत गेटपर्यंत चालत जा, त्याला अर्ज लागत नाही.

अ‍ॅट्रॉसिटी. पोरांचा राग मला समजतो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीनं मिळाला, तेव्हा तो कायदा तुम्हाला लागू होतो का, हा प्रश्न नाही. प्रश्न असा, की जातीवरून काही घडलं का? तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. सर चारचौघांत जातीवरून बोलले असतील, तुमच्याच मुलीला वेगळं काढून इतर न-जोडणाऱ्यांना सोडलं असेल, तर मला पुन्हा लिहा, माझा सल्ला बदलेल. नसेल तर ती तक्रार टिकणार नाही, आणि ती पडली की खरी तक्रारही तिच्याबरोबर पडल्यासारखी दिसेल. गावात तुमचं काम लसीकरणाचं, बाळंतिणींचं. हे मी भीती घालायला सांगत नाही. पण आधी जो कागद मुकाट्यानं काम करील तो वापरू.

तो कागद मुख्याध्यापकांच्या नावे, साधा, एका पानाचा. दोन तास उभं केल्याच्या तारखा. कोणी सांगितलं, कोण समोर होतं. दहा वेळा लिहायला दिल्याची तारीख. मग एक वाक्य, की संविधानाच्या कलम २८(३) नुसार माझ्या मुलीनं धार्मिक उपासनेत सहभागी होण्यास किंवा हजर राहण्यास माझी संमती नाही. मग दुसरं, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ याला मनाई आहे, तरी हे थांबवावं. आणि तिसरं, की त्या वेळेत ती वाचनालयात बसेल. ही सोय तुम्हीच सुचवा, म्हणजे 'मग तिला ठेवायचं कुठं' हा प्रश्न उरत नाही. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. क्लार्क नाही म्हणाला तर वाद घालू नका, स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. छापील कागद परत देऊ नका, तो आपला पुरावा आहे. शिपायानं दाखल्याचा निरोप कोणत्या दिवशी दिला, तेही आजच वहीत लिहून ठेवा.

दाखल्याची धमकी पोकळ आहे. आठवीपर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुमची संस्था अल्पसंख्याक दर्जाची नाही असं मी धरून चाललोय. तसा दर्जा असेल तर शिक्षण हक्क कायदा लागू होणार नाही, मात्र कलम २८ तेव्हाही लागू राहतं. पुढच्या जूनमध्ये मुलगी नववीत जाईल आणि काढता न येण्याचं हे कवच संपेल. म्हणून हे काम परीक्षेनंतर बघू, असं करू नका.

पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर तीच तक्रार लेखी, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणानं दोन्ही बाजू ऐकून ३ महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. त्याही पुढे उच्च न्यायालय, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा त्यात येतो. वकिलाच्या फीची काळजी करू नका. महिला, मुलं आणि अनुसूचित जातीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत विधी साहाय्य मिळतं. तुम्ही तिन्ही अंगांनी पात्र आहात. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं.

एवढ्यापर्यंत जावं लागेल असं मला वाटत नाही. कलमाचा आकडा घातलेल्या अर्जावर शिक्का मारायची वेळ आली की बऱ्याच मुख्याध्यापकांना संस्थेच्या सचिवांना फोन करावासा वाटतो. फोन झाला की 'बसू दे तिला वाचनालयात' असा निरोप येतो, तोही शिपायाकरवीच. तसा आला तर गाजावाजा न करता मान्य करा.

मिस्टर कधी येणार ते बघून अर्जावर दोघांच्या सह्या घ्या. पुढच्या मंगळवारपर्यंत ते येणार नसतील तर थांबू नका, आईची एकटीची सहीही चालते.