टीबीटी घेण्याआधी वही काढ

अरे, व्याजदर वाढतील म्हणून तू टीबीटी हा अमेरिकी शेअर बाजारातला फंड घ्यायचा म्हणतोयस. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांचे भाव पडतात, हा तुझा हिशेब बरोबर आहे. पण टीबीटी अमेरिकी सरकारच्या २० वर्षांहून लांब मुदतीच्या रोख्यांच्या रोजच्या हालचालीच्या दुप्पट उलटा चालतो. खरी मेख त्या 'रोजच्या'तच आहे. समज, या रोख्यांचा निर्देशांक आज १०० चा ११० झाला, उद्या परत १०० (आकडे मुद्दाम फुगवलेत, समजायला). तुझे १०० डॉलर आधी ८० होतात, मग जेमतेम ९४.५५. रोखे जागच्या जागी आणि तू साडेपाच डॉलरनं खाली! २०२२ मध्ये दर चढतच गेले, तेव्हा या फंडानं चांदी केली. त्या वर्षाचा आलेख बघून भुलू नकोस. घ्यायचाच तर थोडा घे, काही दिवसांपुरता, आणि रोज बघायची तयारी असेल तरच.