प्रवासखर्च : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शाळांच्या दिवाळीच्या सुट्ट्या जाहीर झाल्यापासून विमानभाडे आणि हॉटेलांचे दर यांविषयी बरीच पत्रे आली आहेत. समान आशयाची पत्रे एकत्र करून त्यांपैकी पाचांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुले दिवाळीत गोव्याला जाणार आहोत. भाऊबीज आटोपून दुसऱ्याच दिवशी पुण्याहून विमानाने निघावे, असा बेत आहे. रात्री पाहिलेले भाडे सकाळी वाढलेले दिसले. एकाच मार्गाचे भाडे पुन्हा पुन्हा शोधल्यामुळे ते वाढते का? मंगळवारी तिकीट काढले तर स्वस्त पडते, असेही ऐकले आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे भाडे वाढले, असे मानण्याचे कारण नाही. विमानातील सगळी आसने एका भावाने विकली जात नाहीत. भाड्याच्या अनेक पायऱ्या केलेल्या असतात, खालच्या पायरीवर थोडीच आसने ठेवलेली असतात आणि ती संपली की संगणक वरच्या पायरीचे भाडे दाखवू लागतो. आपण रात्री पाहिलेली आसने सकाळपर्यंत दुसऱ्या कोणी घेतली असण्याचीच शक्यता अधिक आहे.

या पद्धतीची एक बाजू चौघांच्या कुटुंबाने अवश्य लक्षात घ्यावी. आपण चार प्रवाशांसाठी एकत्र शोध घेता, तेव्हा चारही आसने एकाच पायरीवर मिळत नसतील तर सर्वांना वरच्या पायरीचे भाडे लागते. समजा, ४,२०० रुपयांची दोनच आसने उरली आहेत आणि पुढची पायरी ५,६०० रुपयांची आहे. चौघांचे तिकीट एकत्र काढल्यास २२,४०० रुपये होतील. दोन-दोन प्रवाशांची वेगळी तिकिटे काढल्यास १९,६०० रुपयांत काम होईल. म्हणून आधी एका प्रवाशाचे भाडे पाहावे, मग दोघांचे, मग चौघांचे. तिकिटे वेगळी काढायची झाल्यास प्रत्येक मुलाबरोबर आईवडिलांपैकी एक जण त्याच पीएनआरवर असू द्यावा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरील पालकाशेजारी आसन द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा विमान कंपन्यांना निर्देश आहे. त्यामुळे आपल्या धाकट्यासाठी आसननिवडीचे वेगळे पैसे भरण्याची गरज नाही. थोरल्याला मात्र हा निर्देश लागू होत नाही.

मंगळवारच्या गोष्टीत तथ्य नाही. तिकीट कोणत्या वारी काढले यापेक्षा प्रवास कोणत्या वारी आणि कोणत्या तिथीला करणार, हे महत्त्वाचे आहे आणि आपल्या बेतातील खरी अडचण तेथेच आहे. महाराष्ट्रातील कुटुंबे भाऊबीज झाल्याशिवाय सहसा घर सोडत नाहीत. दुसरीकडे गुजरातेतील व्यापारी आपली दुकाने लाभपंचमीपर्यंत बंद ठेवून सहलीला निघतात. कार्तिक शुद्ध द्वितीया ते पंचमी या तीन-चार दिवसांत ही दोन्ही गर्दी गोव्यात आणि महाबळेश्वरात एकाच वेळी उतरते आणि नेमक्या त्याच दिवसांचे तिकीट आपण शोधत आहात. शाळेची सुट्टी त्यानंतरही शिल्लक असेल तर लाभपंचमी उलटून गेल्यावर येणाऱ्या सोमवारी किंवा मंगळवारी निघावे आणि शुक्रवार उजाडण्यापूर्वी परतावे. आपल्याला कार्यालयातून चार दिवसांची रजा घ्यावी लागेल, हे मान्य. परंतु कोणत्याही कूपनाने वाचणार नाही इतकी रक्कम या एका बदलाने वाचते, कारण विमान आणि हॉटेल या दोन्हींचे दर एकदमच उतरतात. तारीख बदलणे अगदीच अशक्य असेल तर मात्र सणाच्या दोन-तीन महिने आधी तिकीट काढावे. शेवटच्या आठवड्यात भाडे उतरेल या आशेवर दिवाळीत तरी थांबू नये. सरकार भाड्यांना आळा घालील, अशीही अपेक्षा ठेवू नये. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी कर व शुल्के वगळून ७,५०० रुपयांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती; पण तो आणीबाणीतील तात्पुरता उपाय होता. एरवी भाडे ठरवण्यास कंपन्या मोकळ्या आहेत.

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि तिकीट स्वस्त दिसले म्हणून कुठलाही घेऊन चालत नाही. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाला आहे. दाबोळी वास्कोजवळ आहे. मुक्काम काणकोण किंवा पाळोळेला असताना मोप्याचे तिकीट काढले, तर विमानात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. उलट मोप्याला उतरून वेंगुर्ले, शिरोडा किंवा सावंतवाडी गाठणे सोपे आहे आणि समुद्रच पाहायचा असेल तर तेथील किनारे कळंगुट-बागापेक्षा शांत असून राहण्याचा खर्चही कमी येतो. गोव्यातच राहायचे असल्यास पणजीत मुक्काम करावा. कदंबच्या बसगाड्या तेथून म्हापसा, मडगाव आणि वास्को या तिन्ही दिशांना जातात.

रेल्वेचाही विचार अवश्य करावा. पुण्याहून गोवा एक्स्प्रेस मिरज, बेळगाव, लोंढ्यामार्गे थेट वास्कोला जाते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणून प्रवासाच्या तारखेआधीचा साठावा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. खासगी बसने जाणार असल्यास, एसटीच्या त्याच प्रकारच्या गाडीच्या भाड्यापेक्षा दीडपटीहून अधिक भाडे घेता येत नाही, हा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय माहीत असू द्यावा. सणासुदीला तो सर्रास धाब्यावर बसवला जातो, हे खरे. तरीही तिकिटाची प्रत जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीसाठी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात प्रतिदिन ७,६०० रुपयांची खोली पाहिली. पैसे भरण्याच्या वेळी रक्कम जवळपास ९,००० झाली. ही फसवणूक नव्हे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ही फसवणूक नाही, मात्र खोलीचा दर आपल्या गैरसोयीच्या आकड्यावर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून एक रुपया जरी जास्त झाला तरी संपूर्ण रकमेवर १८ टक्के. त्यामुळे ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना. खोलीच्या दरात फरक शंभर रुपयांचा, देयकात १,०९३ रुपयांचा. तीन रात्रींत तो ३,२७९ रुपये होतो. हा कर छापील दरावर लागत नाही, आपल्याकडून प्रत्यक्ष घेतल्या जाणाऱ्या रकमेवर लागतो. म्हणून हॉटेलला थेट दूरध्वनी करावा आणि खोली ७,५०० रुपयांत देता येईल का, असे स्पष्ट विचारावे. आरक्षणाच्या संकेतस्थळांना हॉटेले दलाली देतात. ती वाचत असल्याने व्यवस्थापकाला शंभर रुपये सोडणे जड जात नाही. तो दर कमी करण्यास तयार नसेल तर न्याहारी किंवा उशिरा खोली सोडण्याची मुभा मागावी. जे ठरेल ते ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे.

दर महाग असलेल्या हॉटेलात जेवणही करामुळे महागते. ज्या हॉटेलातील खोल्या ७,५०० रुपयांच्या वर जातात, तेथील उपाहारगृहाच्या देयकावरही साधारणपणे १८ टक्के कर लागतो. बाहेरच्या साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. सेवाशुल्क हा तर करच नव्हे. ते सक्तीने घेता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तीच भूमिका उचलून धरली. देयकात ते दिसल्यास काढून टाकण्यास सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी.

नाताळात आणखी एक खर्च दबा धरून असतो. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या मेजवानीचे पैसे अनेक हॉटेले माणशी सक्तीने लावतात, मुलांचेही लावतात आणि आरक्षणाच्या पानावर ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. काही ठिकाणी किमान तीन रात्रींची अटही असते. या दोन्ही गोष्टी, मुलांच्या वयाची मर्यादा आणि जादा गादीचे शुल्क आधीच विचारून घेतल्याशिवाय दोन हॉटेलांची तुलना करण्यात अर्थ नाही. महाबळेश्वर गावातच राहण्याचा आग्रह नसेल तर पाचगणी, भिलार किंवा घाटाखाली वाई येथे चौकशी करावी. भिलार म्हणजे पुस्तकांचे गाव. तेथे घरगुती निवासाची सोय मिळते आणि दोन्ही गिरिस्थाने जवळ पडतात. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे महाबळेश्वरचे निवासस्थान जागेच्या दृष्टीने उत्तम आहे, परंतु तेथील खोल्या लवकर भरतात.

प्रश्न : तिकीट रद्द केल्यावर कंपनीने एक रुपयाही परत दिला नाही. तिकीट ‘विनापरतावा’ होते, असे उत्तर मिळाले.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मूळ भाडे आणि इंधन अधिभार कंपनी ठेवून घेऊ शकते, परंतु कर, प्रवासी सेवा शुल्क आणि विमानतळ विकास वा वापर शुल्क परत करणे तिला बंधनकारक आहे. तिकीट सवलतीचे असो किंवा आपण विमानतळावर पोहोचला नसाल, तरीही हा नियम लागू होतो. पैसे परत घ्यायचे की पुढील प्रवासासाठी जमा ठेवायचे, हे प्रवाशाने ठरवायचे असते. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा या व्यवस्थेवर तक्रार नोंदवावी. आणखी एक सोय फारशी वापरली जात नाही : प्रवास किमान सात दिवसांनंतरचा असेल, तर देशांतर्गत तिकीट काढल्यापासून ४८ तासांच्या आत ते दंडाशिवाय रद्द करता येते. भाडे बरे दिसताच थेट विमान कंपनीकडून तिकीट घ्यावे आणि रजेचा, सोबत्यांचा विचार त्या दोन दिवसांत पक्का करावा. हॉटेल त्याच्याही आधी, विनाशुल्क रद्द करता येईल अशा अटीवर, धरून ठेवावे.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. येत्या मे महिन्यात काश्मीरला जाण्याचा विचार आहे. ज्येष्ठांना कोठे सवलत मिळते?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याला शाळेची सुट्टी सांभाळायची नाही, मग मे महिनाच का? सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत काश्मीरमध्ये सफरचंदांचा हंगाम असतो, पुढे चिनारांची पाने रंगू लागतात आणि हाऊसबोटीचा मालक दराबाबत बोलणी करण्यास तयार असतो. दुर्गापूजेचे आठ-दहा दिवस तेवढे टाळावेत. बंगाली पर्यटक त्या काळात मोठ्या संख्येने डोंगराळ प्रदेशात जातात. श्रीनगरचे थेट विमानभाडे फार वाटले तर जम्मूपर्यंत जाऊन कटऱ्याहून रेल्वेने श्रीनगर गाठता येते; जून २०२५ पासून त्या मार्गावर वंदे भारत धावते. रेल्वेची ज्येष्ठांसाठीची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. काही विमान कंपन्या साठ वर्षांवरील प्रवाशांना मूळ भाड्यात सवलत देतात, परंतु साधे सर्वांत कमी भाडे कधी कधी त्याहूनही खाली असते. दोन्ही आकडे पाहूनच निवड करावी.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. डिसेंबरात घरी येण्याचे भाडे त्याला परवडत नाही. दिल्लीपर्यंतचे एक आणि तेथून मुंबईचे दुसरे, अशी वेगळी तिकिटे घेतल्यास स्वस्त पडते, असे तो म्हणतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वस्त दिसते, हे खरे. मात्र दोन वेगळी तिकिटे असतील तर पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकल्यास दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही आणि नवे तिकीट ऐन गर्दीच्या भावाने घ्यावे लागते. डिसेंबरात दिल्लीला धुक्यामुळे विमाने रखडतात, हे वेगळे सांगायला नको. शिवाय अमेरिकेहून येणाऱ्याच्या दोन मोठ्या बॅगा देशांतर्गत विमानाच्या साधारण १५ किलोच्या मर्यादेत बसत नाहीत. जादा वजनाचे शुल्क धरले की बचतीतील बराच भाग तेथेच जातो. मुंबईपर्यंतचे एकच तिकीट, मध्ये एका थांब्याचे का असेना, घेणे शहाणपणाचे आहे. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांची सुट्टी लागताच, डिसेंबरच्या मध्यापासून येण्याचे भाडे चढते आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतीचे. मुलाला नाताळच्या दिवशीच किंवा त्यानंतर निघणे जमत असेल तर त्या तारखांचे भाडे पाहावे आणि परतीची तारीख जानेवारीच्या मध्यापुढे न्यावी. कार्यालय घरून काम करू देत असेल तर तेवढे दिवस ठाण्यातूनच भरून काढता येतील. घरात लग्नकार्य किंवा तसेच काही निमित्त नसेल तर त्याने फेब्रुवारीतच यावे, असे आम्ही सुचवू.