सातबारा तीन भावांचा, मग पीक कर्ज मिळतं का?

प्रश्न : ताई, मी घणसोलीत राहतो, रबाळे एमआयडीसीत कामाला आहे. गाव मुरबाड तालुक्यात, दोन एकर भात, ते बाबाच बघतात. यंदा आवणीला, म्हणजे भात लावणीला, पैसे कमी पडले तर मला न सांगता आईच्या पाटल्या गावात एकाकडे ठेवून ४० हजार उचलले, दोन रुपये शेकड्याने. बँकेत का नाही गेलात विचारलं तर म्हणतात सातबारा तीन भावांच्या नावावर आहे, आपल्याला कोण उभं करणार. खरंच मिळत नाही का?

उत्तर : दादा, मिळतं. पत्र वाचून जीव हळहळला, कारण दोन रुपये शेकडा म्हणजे महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रुपये नुसतं व्याज, आणि तेच ४० हजार पीक कर्ज म्हणून घेतले असते तर ७ टक्क्यांनी २,८०० झाले असते, वेळेत फेडले की केंद्राची ३ टक्के सूट धरून १,६०० च. गावच्या विकास सोसायटीतून (शेतकऱ्यांना कर्ज देणारी सहकारी संस्था) घेतलं तर वर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत आहे, ३ लाखांपर्यंत, म्हणजे वेळेत भरणाऱ्याला व्याज जवळजवळ शून्यच पडतं.

सामायिक सातबाऱ्याचं म्हणाल तर दोन्ही काकांचं संमतीपत्र घ्या, बाबांच्या हिश्श्यावर कर्ज होतं. आठ-अ (बाबांच्या खात्यावरच्या जमिनीचा उतारा) आणि सातबारा काढा (डिजिटल सहीचा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, तुम्ही घणसोलीत बसून काढू शकता), ई-पीक पाहणीत (मोबाइल ॲपवरून होणारी पिकाची सरकारी नोंद) भात नोंदवलाय का तेही बघा. आणि २ लाखांपर्यंत जमीन तारण मागायची नाही असं रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२५ पासून सांगितलंय, कुणी अडवलं तर नकार लेखी मागा, तोंडी नाही म्हणणारे पुष्कळदा तिथेच नरमतात.

आता खरी गोष्ट. सगळी सवलत फेडायच्या तारखेवर आहे. माझ्या मामाचं शहापूरला असंच झालं, भात विकून पैसे घरात होते, पण लग्नकार्यात गेले आणि सोसायटीत भरायला थोडा उशीर झाला, तर सूट गेली ती गेलीच, मामी पासबुक प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवायची आणि व्याजाच्या त्या ओळीवर बोट ठेवायची, अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून बाबांच्या कर्जाची शेवटची तारीख सोसायटीच्या सचिवांना विचारून तुमच्या मोबाइलमध्ये टाका, महिनाभर आधीचा रिमाइंडर लावा. आणि तारीख आली की नवं-जुनं करायला दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी चढ्या व्याजाने पैसे उचलायचे, कागदावर भरायचे, पुन्हा काढायचे, हे करू देऊ नका, वाचवलेलं व्याज तिथेच जातं.

पीक विमा २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे, नको असेल तर मुदतीआधी बँकेला लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ता आपोआप कापतात. पण मुरबाडचा पाऊस बघता मी तरी काढाच म्हणेन.

यंदाच्या पाटल्या मात्र पगारातून बाजूला काढून आधी सोडवा, पीक कर्ज त्याला वापरू नका. आणि पुढच्या एप्रिलमध्येच एक सुट्टी टाकून बाबांना घेऊन सोसायटीत जा, आवणी तोंडावर आल्यावर नको.