नॉर्वेत बेसिन मॉडेलिंगसाठी यायचंय? आधी एका विहिरीचं तापमान जुळवून बघ

तू लिहिलंस की जिऑलॉजीत एमएस्सी झालीय, तीन वर्षं तेलविहिरीच्या रिगवर मडलॉगिंग, म्हणजे खोदताना भोकात फिरणाऱ्या चिखलाची (मडची) आणि खडकाच्या तुकड्यांची नोंद, केलंय आणि आता नॉर्वेत येऊन समुद्राखालच्या बेसिनचं, म्हणजे गाळ साठलेल्या खोलगट भागाचं, मॉडेलिंग करायचंय. मास्टर्स करू की पीएचडी, पेट्रोमॉड या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरचा महागडा कोर्स लावू का, आणि तेलाचं पुढे काय होणार कुणास ठाऊक, मग या कामात भविष्य आहे का, असे तुझे तीन प्रश्न. ताई म्हणून विचारलंस, तर ताई म्हणूनच सांगते. नऊ वर्षं इथे हेच करतेय.

कोर्सचं आधी. नको लावूस. बटणं कुठली दाबायची ते दोन आठवड्यांत येतं आणि प्रत्येक कंपनीचं सॉफ्टवेअर वेगळं असतं. इंटरव्ह्यूत तुझ्यासमोर एक तक्ता ठेवतील, खोली आणि तापमान, आणि विचारतील की यातल्या कुठल्या आकड्यावर तुझा विश्वास आहे आणि का. तिथे बहुतेक मुलं अडकतात, कारण त्यांनी मॉडेल चालवलेलं असतं पण आकडा कुठून येतो ते पाहिलेलं नसतं. तू पाहिलंयस. तू रिगवर होतास, मड फिरवणं थांबलं की भोकातलं तापमान कसं हळूहळू वर चढतं ते तुला माहितीये. सीव्हीत ते मडलॉगिंग खाली दडवलंयस, ते वर आण.

नीट सांगते. समज, समुद्रतळाच्या खाली ३००० मीटरवर तीन लॉगिंग रन झाले, म्हणजे तीनदा उपकरण खाली सोडून मोजलं. चार तास सर्क्युलेशन, म्हणजे मड फिरवणं, केलेलं, ते थांबल्यावर ६ तासांनी १०० अंश, १० तासांनी १०६, १४ तासांनी १०९. नवा माणूस शेवटचा आकडा उचलतो, १०९. पण गार मडने खडक अजून गारच ठेवलाय, तापमान चढतंच आहे. हॉर्नर प्लॉट काढला, म्हणजे सर्क्युलेशनचा वेळ अधिक थांबल्यानंतरचा वेळ, भागिले थांबल्यानंतरचा वेळ, त्याचा लॉग घेऊन रेषा शून्यापर्यंत वाढवली, तर साधारण ११८ येतं. नऊ अंशांचा फरक. समुद्रतळ ५ अंश धरला तर ग्रेडियंट, म्हणजे खोलीबरोबर तापमान वाढण्याचा दर, किलोमीटरला ३५ च्या जवळ होता तो पावणेअडतीसच्या आसपास जातो, आणि मग तुझा सोर्स रॉक, म्हणजे तेल बनवणारा खडक, कधी तापला, तेल कधी सुटलं, ट्रॅप, म्हणजे तेल अडकून साठणारी जागा, त्याआधी तयार होता की नंतर झाला, सगळी उत्तरं सरकतात. हे तू हाताने एकदा तरी केलेलं असायला हवं.

आणि खोली मोजतात कुठून ते. पहिल्या वर्षी एका कंपनीत मला जो डेटा मिळाला त्यात खोली रिगच्या फ्लोअरपासून होती आणि वर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. पाणी ३४० मीटर, फ्लोअर पाण्याच्या वर २५ मीटर, म्हणजे ३६५ मीटर हवा आणि पाणी मी गाळ म्हणून पुरलं होतं. मॉडेल सगळीकडे बारा-तेरा अंश जास्त गरम येत होतं आणि ते जुळवायला मी खालून येणारा हीट फ्लो कमी करत बसले, आठवडाभर, आणि छान जुळलंही. ते जुळलं हेच वाईट झालं, कारण चुकीच्या कारणाने जुळलेलं मॉडेल भूतकाळात चुकीचंच बोलतं. सीनियरने एका दृष्टीक्षेपात पकडलं. तेव्हापासून मी पहिली ओळ हीच लिहिते, खोली कशापासून आणि पाणी किती.

आता मूळ कामाकडे, कारण तू पीएचडीचा विषय शोधतोयस. बेसिन मॉडेल म्हणजे दोन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या. एक, थर कधी साठला, किती दबला, किती खरवडून गेला. त्यासाठी थर एकेक करून उलटे सोलायचे आणि खालचे परत फुगवायचे, कारण शेल, म्हणजे चिखलाचा खडक, साठताना निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि दबताना ते निघून जातं. दुसरी, त्या काळात खालून उष्णता किती येत होती. १९७८ मध्ये डॅन मॅकेन्झी या भूभौतिकशास्त्रज्ञाने मांडलं की कवच ताणलं की ते पातळ होतं, खालचं गरम द्रव्य वर येतं, हीट फ्लो वाढतो आणि मग कोट्यवधी वर्षं हळूहळू गार होत तळ खचत राहतो. उत्तर समुद्रातल्या वायकिंग ग्राबेनला हे छान लागू पडतं, ज्युरासिकच्या शेवटी ताण पडला आणि त्याच सुमाराचा ड्राउप्ने शेल आज तिथला मुख्य सोर्स रॉक आहे. पण मॅकेन्झी हे फक्त सुरुवातीचं पान आहे. नॉर्वेच्या मध्य किनाऱ्यापलीकडच्या व्होरिंग बेसिनकडे गेलास तर साधारण ५.६ कोटी वर्षांपूर्वी गाळात मॅग्माच्या सिल्स, म्हणजे थरांमध्ये शिरलेल्या पट्ट्या, घुसल्यात, त्यांनी आजूबाजूचा शेल भाजून काढलाय. मीठ असेल तर ते उष्णता शेलपेक्षा कितीतरी पटीने वाहून नेतं, मग मिठाच्या फुगवट्याच्या, डोमच्या, माथ्यावर गरम आणि पायथ्याशी गार. आणि जिथे शेवटच्या तीसेक लाख वर्षांत हिमनद्यांनी किलोमीटरभर गाळ भराभर ओतलाय, तिथे खडक अजून तापायचाच आहे, तो समतोलात आहे असं धरलंस तर फसलास.

मला सगळ्यात आवडतो तो नॉर्वेच्या उत्तरेचा बॅरेंट्स समुद्र. समज समुद्रतळाखाली १४०० मीटरवर व्हिट्रिनाइट रिफ्लेक्टन्स, म्हणजे खडकातल्या वनस्पतींच्या कणांची तापेल तशी वाढणारी चमक, ०.८ टक्के मिळाला. म्हणजे हा खडक कधीतरी ढोबळमानाने १२० अंशांपर्यंत जाऊन आलाय, आज तिथे जेमतेम ५० अंश आहेत. दोन गोष्टी शक्य आहेत. एक, तेव्हा उष्णताच जास्त होती. पण मग गणित कर, ४ अंशांच्या समुद्रतळापासून १४०० मीटरमध्ये १२० गाठायला किलोमीटरला ८० च्या वर ग्रेडियंट लागतो, आणि तसं असतं तर रिफ्लेक्टन्स खोलीबरोबर झपाट्याने वाढायला हवा होता, म्हणजे रेषेचा उतारच बदलतो. दोन, वर आणखी दोनेक किलोमीटर खडक होता आणि तो हिमनद्यांनी आणि त्याआधीच्या उचलण्याने गेला. मग उतार नेहमीसारखाच राहतो, फक्त अख्खी रेषा वर सरकलेली दिसते. एकाच आकड्यावरून हे कळत नाही, रेषेवरून कळतं. त्याला सोनिक लॉगवरून, म्हणजे खडकातून आवाज किती वेगाने जातो त्यावरून, शेल किती दबलाय ते जोड, अॅपेटाइट या खनिजातल्या किरणोत्सर्गाच्या खुणा, म्हणजे फिशन ट्रॅक, जोड, ते ६० ते १२० अंशांमधला थंड होण्याचा काळ सांगतात. आणि हे नुसतं अभ्यासाचं कोडं नाही बरं का, खडक वर आला की सोर्स रॉक गार होऊन तेल बनायचं थांबतं, ट्रॅपमधला गॅस फुगतो आणि तेलाला बाहेर ढकलतो, सील, म्हणजे ट्रॅपवरचं झाकण, फुटू शकतं. तिथे तेलाच्या खुणा मिळूनही साठा न मिळालेल्या विहिरी का आहेत त्याची बरीचशी गोष्ट यात आहे.

भविष्याचं म्हणशील तर तेलाच्या शोधावर एकट्यावर घर बांधू नकोस, पण हेच गणित इतर ठिकाणी लागतं. नॉर्दर्न लाइट्स या कार्बन साठवण्याच्या प्रकल्पाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर समुद्राखाली, समुद्रतळापासून साधारण २६०० मीटर खाली, कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात केली. त्या वायूचा क्रिटिकल पॉइंट, ज्याच्या पुढे वायू आणि द्रव असा फरक उरत नाही, ३१ अंश आणि ७४ बारच्या आसपास आहे, त्यामुळे तो तिथे किती घनतेने बसेल हे तापमान आणि दाबावरच ठरतं. तू सीव्हीत "पेट्रोलियम सिस्टम" एवढंच न लिहिता "गाळाच्या बेसिनमधलं तापमान आणि दाब" असं लिही, खरंही आहे आणि दारंही जास्त उघडतात.

मास्टर्स की पीएचडी. २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथल्या सरकारी विद्यापीठांत फी लागते, आधी नव्हती, त्यामुळे जुने अनुभव वाचून हिशेब करू नकोस. पीएचडी मात्र इथे नोकरी असते, पगार मिळतो, तीन वर्षं, किंवा शिकवण्याचं काम धरून चार. जागा जॉबनॉर्गे या वेबसाइटवर लागतात, ओस्लो, बर्गन, ट्रॉन्डहाइम, स्टावांगर, ट्रोम्सो सगळ्यांच्या. तुझी एमएस्सी झालीय तर मी थेट पीएचडीच धरेन, फक्त प्राध्यापकाला "मला संधी द्या" असं मेल पाठवू नकोस, रोज ढिगाने येतात तसली. नोकरीवर यायचं असेल तर आधी ऑफर हातात, मग परमिट. आणि भाषा आल्या दिवसापासून शिक, कायमच्या परमिटला ती लागतेच.

मेलबरोबर काय पाठवायचं ते सांगते. सोकेल डायरेक्टरेटची, म्हणजे इथल्या समुद्रातल्या तेल-वायूचं बघणाऱ्या सरकारी खात्याची, फॅक्टपेजेस सगळ्यांना खुली आहेत. बॅरेंट्समधली एक विहीर घे, तिथे फॉर्मेशन टॉप्स (थरांचे माथे), पाण्याची खोली, केली बुशिंगची (रिगच्या फ्लोअरवरचा भाग, जिथून खोली मोजतात) उंची आणि तळाचं तापमान मिळतं, बऱ्याच जुन्या विहिरींचे जिओकेमिस्ट्रीचे रिपोर्टही आहेत. इक्विनॉर या नॉर्वेच्या तेलकंपनीने वॉर्म्थ नावाचं पायथन पॅकेज खुलं ठेवलंय ते वापर, नाहीतर सरळ स्प्रेडशीटमध्ये कर, १९९० चं ईझी-आरओ, म्हणजे तापमानावरून रिफ्लेक्टन्स काढायचं गणित, त्यात आरामात बसतं. एकदा इरोजन, म्हणजे वरून खरवडून गेलेला खडक, शून्य धरून चालव, एकदा एक किलोमीटर, एकदा दोन, आणि तिन्ही रेषा मोजलेल्या बिंदूंवर एकाच चित्रात काढ. खाली चार ओळी, कुठली जुळते, कुठली नाही आणि कुठल्या बिंदूवर तुझा भरवसा नाही. एक पान, बास. सगळं जुळलंय असं दाखवायला जाऊ नकोस, जे जुळत नाही त्यावरच ते तुझ्याशी बोलतील.

झालं की मला पाठव, मी बघून देते. आणि वरच्या कोपऱ्यात लिही, खोली कशापासून, पाणी किती.