बायकोला मागे बसवून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने ऑलिम्पिक ते रेडवुड नॅशनल पार्क असा दहा दिवसांचा मोटारसायकल प्रवास करायचा आहे. भाड्याने ॲडव्हेंचर बाईक घेऊ की क्रूझर?

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलात एक वाक्य आहे : "बायको मागेच बसणार आहे, त्यामुळे तिचा काही प्रश्न नाही." इंजिन किती सीसीचं, टाकी किती लिटरची, सीटवरून तुमचे पाय जमिनीला पुरतील का, यावर दोन परिच्छेद लिहिलेत आणि बायकोवर हे एक वाक्य. मी मागे बसणारी आहे. राहवलं नाही म्हणून लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. ॲडव्हेंचर घ्या, म्हणजे खराब रस्त्यालाही चालणारी उंच बाईक, मागे टॉप बॉक्स (सीटमागची सामानाची पेटी) आणि त्याला पाठ टेकायची गादी असलेली. क्रूझरचाच, म्हणजे बुटक्या, ऐसपैस बसायच्या गाडीचा हट्ट असेल तर मागे पाठ आणि हात टेकायची सोय असलेली मोठी टूरिंग गाडी घ्या. मडगार्डवर पोळपाटाएवढी गादी चिकटवलेली, फोटोत झकास दिसणारी क्रूझर घेऊ नका. क्रूझरचं मागचं चाक वर-खाली व्हायला जेमतेम सात-आठ सेंटिमीटर वाव असतो, ॲडव्हेंचरला त्याच्या दुपटीहून जास्त. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो पायांवर भार घेऊन किंचित उठतो. मागचीला खड्डा कळतो तो थेट कण्यातून.

आम्ही तसलीच क्रूझर घेतली होती. नवऱ्याची हौस. सिएटलला ताब्यात घेताना मी ती गादी बघितली आणि विचारलं, "यावर मी दिवसभर बसायचं?" तर म्हणाला, "तुला काय, तू फक्त बसायचंस." या वाक्यावरून आमच्याकडे अजूनही जुंपते.

सुरुवात ऑलिम्पिकपासून. पोर्ट एंजेलिस गावाहून हरिकेन रिज या डोंगरधारेला जाणारा रस्ता २७ किलोमीटरमध्ये समुद्रकाठावरून जवळजवळ १,६०० मीटरवर चढतो. हजार मीटरला साडेसहा अंश असा ढोबळ हिशेब धरला तरी वर दहा अंश थंडी जास्त. नवऱ्याच्या हँडलला गरम होणाऱ्या ग्रिप, समोर विंडस्क्रीन. मागची सीट उंच, त्यामुळे काचेवरून उसळलेला सगळा वारा माझ्या हेल्मेटवर, आणि हात गरम करायला नवऱ्याचं जॅकेट. वर पोचल्यावर म्हणतो कसा, "एवढी काही थंडी नाही गं." तुमची गाडी ठरली की गरम होणाऱ्या जॅकेटसाठी वायर जोडायची सोय मागच्यासाठीही आहे का, ते विचारा. पुढच्यासाठी असते, मागच्यासाठी मुद्दाम मागून घ्यावी लागते.

ओरेगनच्या किनाऱ्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. १०१ नंबरचा हायवे समुद्राच्या कडेने जातो, थोड्या थोड्या अंतरावर स्टेट पार्क लागतं, आणि १९६७ च्या कायद्यामुळे तिथला वाळूचा किनारा सगळ्यांना खुला आहे. कुठेही थांबा, उतरा, पाय मोकळे करा. थांबायला जागा असली की मागे बसणारीचं निम्मं दुखणं जातं. ब्रुकिंग्जच्या वरचा सॅम्युएल बोर्डमन पट्टा जेमतेम १२ मैलांचा आहे, पण त्याला अर्धा दिवस द्या. रेडवुडमध्ये हायवे सोडून न्यूटन ड्रुरी पार्कवेने जा. दहाच मैल, पण दोन्ही बाजूंना जुनं जंगल आणि कडेच्या गवतात एल्क (मोठी हरणं) चरत असतात. ही झाडं शंभर मीटरच्या वर जातात. शेंडा बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि चालत्या गाडीवर ती मुभा फक्त मागच्याला. तेवढा एक पार्कवे मी राणीसारखी बसले होते.

खरं प्रकरण लेगेटला झालं. कॅलिफोर्नियाचा हायवे १ तिथे १०१ पासून फुटतो आणि डोंगर ओलांडून समुद्राला भिडतो. मधले २२ मैल म्हणजे वळणामागून वळण. एवढ्या तुकड्यासाठी मोटारसायकलवाले कुठून कुठून येतात. नवऱ्याने आदल्या दिवसापासून त्याचाच जप लावला होता. आत खोऱ्यात पस्तिशीच्या पुढचं ऊन, म्हणून त्याने दोघांच्या जॅकेटांची अस्तरं काढून बॅगेच्या तळाशी कोंबली. मी म्हटलं, अस्तरं वर ठेव, समुद्राकडे धुकं असेल. उन्हाळ्यात त्या किनाऱ्याला खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं, त्यावरून येणाऱ्या दमट हवेचं धुकं होतं आणि ते दिवसभरही काठाला चिकटून राहतं. रेडवुड कोरड्या उन्हाळ्यात त्या धुक्याच्या आधाराने तगतात. मी हे वाचून गेले होते. त्याने वळणांचे व्हिडिओ बघितले होते.

निघालो. वळणाआधी ब्रेक, की मी गादीवरून घसरून त्याच्या पाठीवर. वळण सुटलं की थ्रॉटल, की मी मागे, जिथे टेकायला हवा सोडून काही नाही. म्हणजे मांड्यांनी सीट आवळायची, एक हात पुढे टाकीवर रेटायचा, दुसरा त्याच्या कमरेला, पोट घट्ट धरायचं आणि प्रत्येक वळणाला आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, म्हणजे अंग गाडीबरोबर झुकतं. हे २२ मैल. याला आमच्या घरात "फक्त बसणं" म्हणतात.

इंटरकॉम नव्हता. खूण ठरली होती, खांद्यावर दोनदा थाप म्हणजे पुढच्या मोकळ्या जागेला थांब. मी थाप मारली. त्याने अंगठा वर केला आणि पुढचं वळण आणखी जोरात घेतलं. त्याला वाटलं मी खूश आहे. पुन्हा थाप. पुन्हा अंगठा! थांबायच्या जागा एकेक करून मागे गेल्या. समुद्र दिसायच्या आधी त्याचा गारठा आला आणि मग आम्ही सरळ धुक्यात शिरलो, नुसत्या जाळीच्या उन्हाळी जॅकेटात.

वेस्टपोर्टच्या अलीकडे कड्यावर स्टेट बीच आहे, तिथे गाडी एकदाची थांबली. मला उतरता येईना. पाय सीटवरून पलीकडे जाईचना. त्याने हेल्मेट काढलं, चेहरा उजळलेला, आणि म्हणाला, "काय रस्ता होता! तू का दमलीस? चालवत तर मी होतो."

माझ्याकडे मोटारसायकलचा परवाना आहे. भाड्याच्या करारात दुसरी चालक म्हणून माझं नावही होतं, मीच आठवणीने घालून घेतलं होतं. बॅग उपसून अस्तर काढलं, घातलं, हातात ऊब येईपर्यंत बसले आणि मग किल्ली मागितली. म्हटलं, "बस मागे."

तिथून फोर्ट ब्रॅगच्या अलीकडचं मॅकेरिकर पार्क पंचवीसेक किलोमीटर असेल. लेगेटच्या घाटापुढे हा रस्ता काहीच नाही. पहिल्या वळणाला त्याने उलट्या बाजूला अंग टाकलं. दुसऱ्या वळणाआधी त्याचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. मग त्याने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला तो सोडलाच नाही. थोड्या वेळाने खांद्यावर दोनदा थाप पडली.

मी अंगठा वर केला.

मॅकेरिकरला उतरल्यावर बराच वेळ गुडघे चोळत होता. मग पहिलं वाक्य आलं, "तू ब्रेक फार जोरात दाबतेस." मी त्याच्यापेक्षा हळू दाबत होते. पण मागे बसलं की ब्रेक जोरातच लागतो, कारण तो कधी लागणार हे माहीत नसतं. चालवणाऱ्याच्या अंगाला पुढची हालचाल आधीच ठाऊक असते, मागच्याचं अंग प्रत्येक वेळी बेसावध सापडतं. गाडी लागते ती शेजारी किंवा मागे बसलेल्याला, ड्रायव्हरला सहसा लागत नाही, त्याचंही कारण हेच. तरी नवऱ्याचं आजही म्हणणं आहे की दमतो तो चालवणारा, मागचा नुसता बसतो. चार मित्र जमले की तो हे बोलतो, म्हणून मीही चार अनोळखी लोकांसमोर बोलून घेते.

तर निघण्याआधी तुम्ही एक करा. एखाद्या मित्राला गाडी चालवायला सांगा आणि स्वतः तासभर मागे बसा, वळणांच्या रस्त्यावर. परत आल्यावर कुठली गाडी हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

चालवताना वेग वळणाच्या बराच आधी कमी करा, इंजिन ब्रेकिंग वापरा (थ्रॉटल सोडून इंजिनानेच वेग उतरवा), गिअर टाकताना झटका देऊ नका. तासा-सव्वातासाला थांबा, ती म्हणाली नाही तरी. इंटरकॉमवर पैसे वाचवू नका. दोघं आणि सामान चढलं की मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, वाढवायचा आणि टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलीय तेवढी भरायची, नाहीतर मागून गाडी बसते, हेडलाइट आभाळाकडे बघतो आणि पुढचं चाक हलकं पडतं. मोठ्या गाड्यांचीही वजन वाहायची मर्यादा दोनशे किलोच्या आसपास असते. दोन माणसं, दोन हेल्मेटं, रायडिंगचे कपडे आणि भरलेल्या बॅगा मिळून ती सहज गाठली जाते, तेव्हा आधी काटा बघा. टॉप बॉक्समध्ये जड काही भरू नका.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, यात दुसरं मत नाही. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे दक्षिणेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो आणि समोरची लेन न ओलांडता थांबता येतं. उन्हाळी वाराही तिथे बहुधा वायव्येकडून, म्हणजे पाठीवर. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड याच हिशेबाने पश्चिमेकडे जाताना करतात, तिथे गाडी डावीकडून चालते एवढाच फरक.

डोंगरांबद्दल विचारलंत : रेनियर पर्वत आणि क्रेटर लेक हे तळं दोन्ही दहा दिवसांत कोंबू नका. क्रेटर लेक निवडलंत तर जुलैच्या मध्याआधी जाऊ नका. तळ्याभोवतीचा ३३ मैलांचा रिम ड्राइव्ह बहुतेक २,००० मीटरच्या वर आहे आणि बर्फामुळे पूर्ण रस्ता बऱ्याचदा जुलै उजाडल्यावरच खुला होतो. पुढे कॅलिफोर्नियाच्या बिग सर किनाऱ्यापर्यंत जायचा मोह झालाच तर रस्ता चालू आहे का ते आधी बघा. २०१७ च्या मे महिन्यात मड क्रीकला डोंगरच खाली आला आणि तिथला हायवे १ पुन्हा सुरू व्हायला २०१८ चा जुलै उजाडला. तिथे दरडी काही नव्या नाहीत.

आता वर ठासून बोलले त्यातल्या अटी. ॲडव्हेंचरची मागची सीट उंच असते. बायको बुटकी असेल तर दर थांब्याला चढणं-उतरणं हेच एक गिर्यारोहण होतं, आधी एकदा चढून बघू दे. होंडा गोल्ड विंगसारखी टूरिंग गाडी मागच्याला सगळ्यात सुखाची, पण टूर मॉडेल पावणेचारशे किलोच्या पुढे भरतं, आणि त्या किनाऱ्यावर थांबायच्या जागा बऱ्याचदा खडीच्या आणि उताराच्या असतात. तिथे ती सांभाळायची तुम्हाला सवय नसेल तर नको. आणि तुमच्या बायकोला क्रूझर मनापासून आवडतही असेल, मला काय माहीत. तिला विचारा. तिच्याकडे परवाना असेल तर करारात तिचंही नाव घाला.

हे लिहिताना नवरा मागून वाचत होता. म्हणतो, मॅकेरिकरपर्यंत धुकं होतं म्हणून त्याने पट्टा धरला, घाबरून नाही. धुकं वेस्टपोर्टलाच संपलं होतं. फोटो आहेत माझ्याकडे.